बाहीला लागलेली खळ

आमच्या वसाहतीत तिला सगळे टाकीताई म्हणतात. खरं नाव फार थोड्यांना माहीत आहे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. चार इमारती, मधे बाग, रस्त्याच्या बाजूला दुकानांची रांग, आणि या सगळ्यांच्या पोटाखाली सांडपाणी साफ करणारा एक छोटा प्लांट. तो ती चालवते. आपण वर आंघोळी करतो, भांडी घासतो, फ्लश ओढतो आणि विसरून जातो. ते सगळं खाली तिच्या दारात जाऊन उभं राहतं. ती ते चाळते, हवा देऊन जंतूंना खायला घालते, आणि शेवटी मेम्ब्रेनमधून ओढून काढते. तेच पाणी मग पुन्हा आमच्या फ्लशला आणि बागेला येतं.

मेम्ब्रेन म्हणजे काय, हे मी तिच्याकडूनच शिकलो. टाकीत पांढऱ्या पोकळ दोऱ्यांच्या जाड जुड्या लोंबत असतात. दोऱ्यांच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी भोकं. पंप आतून ओढतो, पाणी तेवढं आत जातं, घाण बाहेर राहते. पंपाला किती जोर लावावा लागतोय हे भिंतीवरच्या एका घड्याळासारख्या मापावर दिसतं. काटा खाली, तर सगळं ठीक. काटा वर चढला, तर भोकं बुजत चालली म्हणायची.

ती या कामात आली ती झाडूवाली म्हणून. लग्न झालं तेव्हा शाळा संपवून ती घरीच होती. नवरा शहर बसवर ड्रायव्हर. प्लांटच्या जिन्यावर झाडू मारता मारता तिनं जुन्या ऑपरेटरला इतके प्रश्न विचारले की तो वैतागून म्हणाला, “बाई, तू माझं डोकं खाण्यापेक्षा परीक्षाच का देत नाहीस?” तिनं दिली. तो निवृत्त झाला आणि त्याची खुर्ची तिला मिळाली. खुर्चीबरोबर राहायला जागाही मिळाली, प्लांटच्या जिन्याला लागून दोन खोल्या. एक खिडकी बागेकडे, दुसरी मागच्या बोळाकडे. बोळात एका रांगेत चेंबरची झाकणं. पाहुणे आले की ती मागची खिडकी लावून घेई, बाकी वेळ उघडीच.

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि तिच्या कॉटवर सासूबाई आल्या. त्यांची आयुष्यभर स्वतःची लॉन्ड्री होती. हॉटेलांच्या चादरी, वेटरांचे कोट, डॉक्टरांचे एप्रन, सगळं धुवायचं, खळ घालायची, कडक इस्त्री करायची. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान विकलं. पण सवय कुठं जाते? इथं आल्यावर महिन्याभरात त्या अख्ख्या वसाहतीच्या इस्त्रीआजी झाल्या. लिफ्टमधे भेटल्या की बोलता बोलता तुमची कॉलर सरळ करणार. मी एकदा घाईत चुरगळलेला शर्ट घालून निघालो होतो, तर म्हणाल्या, “रात्री बैलाला घातला होता का रे हा?” मी परत वर जाऊन शर्ट बदलून आलो.

सासू-सुनेचं तसं बरं होतं. भांड्याला भांडं लागायचं, पण आवाज घराबाहेर जात नसे.

मग एकदम दोन्हीकडून अडचण आली. प्लांटमधून आणि घरातून.

प्लांटमधला काटा चढायला लागला. आधी तिनं नेहमीसारखं केलं, पंप उलटा फिरवून दोऱ्या आतून धुतल्या. काटा उतरला आणि दोन दिवसांत पुन्हा वर. जुड्या बाहेर काढून पाइपनं पाणी मारलं. दोऱ्यांवर बुळबुळीत थर बसला होता, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा. हातात धरावा तर निसटतो, आणि पाणी मारलं तरी दोऱ्यांना सोडत नाही. तिनं कंपनीच्या इंजिनिअरला बोलावलं. हा तरुण, चष्मेवाला, मनानं साधा माणूस. आठ प्लांट त्याच्या गळ्यात आणि बूड एका जागी टेकवायला वेळ नाही. त्यानं आधी क्षार असतील म्हणून ॲसिडनं धुऊन पाहिलं. काही उपयोग नाही. मग ब्लीच वापरलं. तेव्हा मात्र काटा झरकन खाली आला.

“म्हणजे क्षार नाहीत,” तो म्हणाला. “अन्नातलं, शरीरातलं, असलंच काहीतरी चिकट आहे. पण नेहमीपेक्षा खूपच जास्त. कुठून येतंय ते शोधायला हवं. तोवर ब्लीचवर दिवस काढू. पण ताई, रोज रोज ब्लीचमधे बुडवलं तर या दोऱ्या टिकायच्या नाहीत.”

आठवड्यात काटा पुन्हा होता तिथं.

पाणी कमी निघायला लागलं. फ्लशला कधी धार, कधी नुसती गुरगुर. टाकी भरून वाहू नये म्हणून सांडपाणी टँकरनं बाहेर न्यावं लागलं, आणि टँकर फाटकात उभा राहिला की अख्ख्या वसाहतीला नाक धरून जावं लागे. सोसायटीच्या बैठकीत लोक बोलले. तिसऱ्या इमारतीतले एक गृहस्थ म्हणाले, “आधी सगळं सुरळीत होतं. मग आत्ताच काय झालं? हलगर्जीपणा झाल्याशिवाय असं होतं का?” दुसरं कुणी म्हणालं, ऑपरेटरच बदलून पाहू. ती मागच्या रांगेत बसली होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही, पण बोलणं सगळं तिलाच उद्देशून होतं. नोकरी गेली तर खोल्याही जाणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

आणि घरात इस्त्रीआजींना वास यायला लागला.

पहिल्यांदा त्या दुपारी पडल्या पडल्या उठून बसल्या. “अगं, खळ उतू जातेय बघ! आच कमी कर.”

टाकीताई जेवायला घरी आली होती. ओट्यावर काहीच नव्हतं. “आई, स्वप्न पडलं असेल. झोपा.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग आठवड्यातून दोन-तीनदा. कधी म्हणायच्या खळ शिजतेय, कधी म्हणायच्या कालची खळ आंबलीये, कुणी ठेवली झाकून? टाकीताईनं खोल हुंगून पाहिलं. तिला काही आलं नाही. तिला तसाही वास येत नाही. प्लांटमधे इतकी वर्षं काढल्यावर नाकानं संप पुकारलाय, असं ती स्वतःच सांगते. नवरा दुपारी बसवर, त्याला विचारून उपयोग नाही. तो म्हणाला, “आईला जुनं दुकान आठवत असेल. दुसरं काय?”

पण इतरही गोष्टी घडत होत्या. एकच प्रश्न त्या तीनदा विचारायच्या. गॅसवर दूध ठेवून विसरल्या. कुणी बोलत असताना भलतंच उत्तर द्यायच्या. शेवटी टाकीताई त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी सगळं ऐकलं, प्रश्न विचारण्याबद्दल आणि दुधाबद्दल नुसत्या मान हलवत राहिल्या, पण वासाचं ऐकून त्यांचं पेन थांबलं.

“वास येतो, आणि तिथं तसं काहीच नसतं?”

“नाही ना काही.”

“नेहमी एकच वास?”

“खळीचा. त्यांची लॉन्ड्री होती.”

बाईंनी इस्त्रीआजींना बाहेर बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, “घाबरू नका. पण नसलेला वास वरचेवर येणं हे कधीकधी मेंदूतल्या एखाद्या दुखण्याचं लक्षण असतं. गाठ असू शकते, नसूही शकते. स्कॅन करून घेऊ.”

स्कॅनची तारीख लांबची मिळाली. घाबरू नका म्हटल्यावर कोण घाबरायचं राहतं? टाकीताईनं नवऱ्याला सांगितलं, त्याचा चेहरा उतरला. दोघांनी ठरवलं, आईला यातलं काही बोलायचं नाही. मग घरात एक वेगळंच नाटक सुरू झालं. आजी म्हणायच्या, “वास येतोय,” आणि ही दोघं म्हणायची, “हो हो, येतोय.” आजी चिडायच्या. “मला काय लहान पोर समजता का? येत नसेल तर नाही म्हणा!”

टाकीताई मला नंतर म्हणाली, “खाली दोऱ्या बुजत होत्या आणि वर आईंच्या डोक्यात काय बुजतंय कळत नव्हतं. एका हातानं ब्लीच ओतत होते, दुसऱ्या हातानं डोळे पुसत होते. ब्लीचनं डोळ्यांत पाणी येतंच, त्यामुळे कुणी विचारलं नाही, एवढं बरं.”

आणि मग एका सकाळी कोट वाळत पडला.

झालं होतं असं, की आदल्या दुपारी प्लांटच्या तोंडाशी असलेली जाळी तुंबली. वरून येणारं पाणी आधी त्या जाळीतून जातं. टाकीताईनं हातमोजे चढवले आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घालून चिंध्या, केस, प्लास्टिक असलं सगळं उपसलं. मोज्यांवरून पाणी बाहीत गेलं. काम संपलं तेव्हा ती इतकी दमली होती की तिनं निळा कोट तसाच जिन्याच्या कठड्यावर टाकला, सकाळी धुऊ म्हणून.

सकाळी ऊन कठड्यावर आलं होतं. इस्त्रीआजी हळूहळू बाहेर आल्या आणि कठड्यावर बोळा होऊन पडलेला कोट त्यांना बघवला नाही.

“आई, हात नका लावू!” टाकीताई आतून ओरडली. “गटारातला आहे तो!”

“काय म्हणतेस?”

“गटारातला आहे, गटारातला!”

“असेना का.” आजींनी बाही चिमटीत धरली होती. “पण एकाच बाहीला खळ कुणी दिली?”

टाकीताईला वाटलं, झालं, आता नाकाबरोबर हातालाही भास व्हायला लागले. ती बाहेर आली, कोट त्यांच्या हातातून काढून घ्यायला. आणि तिच्या हाताला बाही लागली.

डावी बाही मऊ होती. उजवी कोपरापर्यंत पुठ्ठ्यासारखी ताठ.

“मोडून बघ,” आजी म्हणाल्या. “बघ, घडी घातली की पांढरी रेघ उठते. जाड केलीये कुणीतरी. एवढी जाड कोटाला नाही घालत, टेबलावरच्या कापडाला घालतात. आणि नीट शिजवलेलीही नाही, गुठळ्या बघ.”

टाकीताईनं घडी घातली. रेघ उठली. तिनं नखानं खरवडलं, पांढरी पूड निघाली.

तिच्या मनात पहिल्यांदा मेम्ब्रेन आलंच नाही. तिला आठवली डॉक्टरीणबाईंची खोली आणि ते थांबलेलं पेन. “नसलेला वास,” बाई म्हणाल्या होत्या.

“आई,” तिनं मोठ्यानं विचारलं, “तो वास तुम्हाला आत्ता येतोय?”

“आत्ता कुठला? दुपारी येतो. माझा डोळा लागायच्या वेळेला.”

“कुठून येतो?”

“कुठून म्हणजे? खिडकीतून!” आजींनी मागच्या बोळाकडे बोट दाखवलं. “मी काय इतके दिवस भिंतीशी बोलत होते?”

तिनं इंजिनिअरला फोन लावला. तो दुसऱ्या प्लांटवर होता, म्हणाला, “ताई, उद्या येतो.” ती म्हणाली, “खळ आहे. पिठाची खळ. पाण्यातून खळ येतेय.” मग तो म्हणाला, “घरात आयोडीन आहे का? जखमेवर लावायचं? मी निघालो.”

तो आला तोच धापा टाकत. जिन्यावरच बसून त्यानं तपकिरी आयोडीनचे थेंब बाहीवर टाकले. थेंब पडले तिथं कापड निळं-काळं झालं. डाव्या बाहीवर टाकले, तिथं तपकिरीच राहिले. हा शाळेतला प्रयोग मीही केलाय, बटाट्यावर. पण तो माणूस इतका खूश झाला की त्यानं आजींचे दोन्ही हात धरून हलवले. आजी म्हणाल्या, “अरे, हात मोडशील! हा कोण?”

मग त्यानं टाकीताईला नीट समजावलं. टाकीतल्या जंतूंना रोजचं ठरलेलं खाणं लागतं. एकदम बादल्या भरभरून खळ आली तर ती सगळी त्यांच्याकडून संपत नाही, उरलेली तशीच दोऱ्यांवर जाऊन बसते. शिवाय असा अचानक भार पडला की जंतू बिथरतात आणि स्वतःच्या अंगातून चिकट पदार्थ सोडतात. दोन्ही मिळून भोकांवर लुकण बसतं. “म्हणून ॲसिडला दाद देत नव्हतं आणि ब्लीचला देत होतं. मला चिकट आहे एवढं कळलं होतं, कुणाचं ते कळत नव्हतं.”

“ते दुपारी कळेल,” आजी म्हणाल्या.

दुपारी बोळात जे दृश्य दिसलं ते वसाहतीत अजून सांगतात. प्लास्टिकच्या खुर्चीत इस्त्रीआजी, मांडीवर हात ठेवून, पंचांनी बसावं तशा. शेजारी इंजिनिअर आणि टाकीताई. बराच वेळ काही नाही. इंजिनिअरची चुळबुळ सुरू झाली. आणि आजी ताठ झाल्या. “आली.”

टाकीताईला वास आला नाही. इंजिनिअरनं नाक वर केलं, म्हणाला, “येतोय! पेस्टसारखा, चिकटवायच्या!” दोघांनी पहारीनं एक झाकण उचललं. इमारतींकडून येणाऱ्या पाइपातलं पाणी नेहमीसारखं राखाडी. दुकानांकडून येणाऱ्या पाइपातून मात्र दुधासारखं पांढरं, कोमट पाणी येत होतं, वाफाळत.

दुकानांच्या रांगेत शेवटचं दुकान एका बाईचं. समारंभांना टेबलावरची कापडं, खुर्च्यांची कव्हरं भाड्यानं द्यायचा तिचा धंदा. समोर बघाल तर काचेत रंगीत कापडांच्या घड्या, आणखी काही नाही. पूर्वी ती धुलाई बाहेर द्यायची. अलीकडे मागच्या खोलीत मशीन घेतलं आणि खळही तिथंच शिजवायला लागली, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तिघं दारात उभी राहिलेली बघून ती घाबरली. कळलं तेव्हा तर रडकुंडीलाच आली. “मला काय माहीत हो? मला वाटलं पिठाचं तर पाणी. साबणापेक्षा बरंच की! विष थोडंच आहे?”

“विष नाही,” टाकीताई म्हणाली. तिला खरं तर रागवायचं होतं. इतके दिवस तिनं काय काय ऐकून घेतलं होतं. पण ती बाई हातातलं ओलं कापड पिळत उभी होती, आणि टाकीताईला राग शोधूनही सापडेना. आतून तिला नुसतं हलकं हलकं वाटत होतं, चुकीच्या वेळी हसू फुटेल की काय असं.

आजी तोवर मागच्या खोलीत शिरल्या होत्या. “एवढं पातेलं भरून करतेस?”

“हो.”

“आणि लागते किती?”

“अर्धी. कधी त्याहून कमी.”

“मग उरलेली रोज ओततेस? अगं, पीठ काय फुकट येतं? आणि गुठळ्या किती! आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात सोडायचं, बारीक धार धरून. उलटं केलंस तर असंच होणार. सरक, मला जरा बसू दे.”

आजी तिथं संध्याकाळपर्यंत होत्या. कापडाला किती जाड खळ लागते, ती बुडवून घालण्याऐवजी फवारली तर किती कमी लागते, हे सगळं करून दाखवलं. चुकून उरलीच तर बागेतल्या खताच्या खड्ड्यात टाकायची असं ठरलं, आणि माळ्यानं हो म्हटलं. आजी निघाल्या तेव्हा ती बाई म्हणाली, “आजी, अधूनमधून येत जाल का?” आजींनी गुडघ्यांचं कारण सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी गेल्याच.

दोऱ्यांच्या जुड्या ब्लीचमधे बुडवल्या, धुतल्या, परत लावल्या. पंप सुरू केला तेव्हा टाकीताई मापासमोर उभी होती. काटा उठला, थरथरला आणि खालच्या हिरव्या पट्टीत येऊन थांबला. तिनं काचेवर टिचकी मारली, अडकला तर नाही ना म्हणून. अडकला नव्हता. दुसऱ्या दिवशीही तिथंच. आठवड्यानंतरही जवळपास तिथंच. मग कुठं तिला नीट भूक लागली. सोसायटीनं टँकर बंद केला. तिसऱ्या इमारतीतले ते गृहस्थ तिला बागेत भेटले, म्हणाले, “पाणी छान येतंय हो आता.” तेवढंच म्हणाले. ती म्हणाली, “हो, येतंय,” आणि पुढं गेली. यापेक्षा जास्त तिला नकोच होतं.

डॉक्टरीणबाईंना तिनं सगळं सांगितलं. बाई खळखळून हसल्या. “म्हणजे यांचंच नाक तेवढं शाबूत होतं! पण स्कॅन करून टाकू. इतर तक्रारी आहेतच, मनात शंका नको.” म्हणजे एक धाकधूक उरलीच होती. रिपोर्टच्या दिवशी नवऱ्यानं रजा घेतली. तिघं बाकावर बसली होती. आजींना मधे घेतलं होतं, पडू नयेत म्हणून धरून बसावं तसं.

मेंदूत काही नव्हतं. वयाप्रमाणे जेवढं असायचं तेवढंच. “मी यांचे कानही तपासून घेतले,” बाई म्हणाल्या. “दोन्ही कानांनी खूप कमी ऐकू येतं. एकच प्रश्न तीनदा विचारतात, कारण तुमचं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. दूध उतू गेल्याचा आवाजही नाही.”

नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पाठ हलत होती. टाकीताई मला म्हणाली, “यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. आणि मला काय झालं असेल? मला जांभई आली. इतकी मोठी, की थांबेना.”

“काय म्हणाल्या?” आजींनी विचारलं.

“तुम्ही ठणठणीत आहात!” ती त्यांच्या कानाशी ओरडली. बाहेर बसलेल्या दोन पेशंटांनी वळून पाहिलं.

“मग ते मी कधी नाही म्हटलं?” आजी म्हणाल्या आणि उठायला हात पुढे केला. “चला, पोटात कावळे कोकलताहेत.”

पंधरवड्यानं कानात मशीन आलं. त्या दुपारी सून जेवायला घरी आली तेव्हा आजी कॉटवर बसून जमिनीकडे रोखून बघत होत्या.

“हा कसला आवाज येतोय खालून?”

“ब्लोअरचा. टाकीत हवा सोडतो तो.”

“दिवसरात्र?”

“दिवसरात्र.”

“इतकी वर्षं? आणि तू झोपतेस कशी गं?”

टाकीताईनं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्या शेजारी टेकली. “तो बंद पडला, तरच मला जाग येते,” ती म्हणाली.